आपणहून

२० फेब्रुवारी, गुरुवार

दादा,

काय झालं ते क्रमाने लिहिते.

१. डिसेंबरपासून आईचं जेवण कमी झालं होतं. विचारलं की म्हणायची, भूक मेली आहे. मी ते वयावर घातलं.

२. जानेवारीच्या शेवटी ती स्वयंपाकघरात ओट्याला धरून खाली बसली. पडली नाही, बसली. मी समोरच होते.

३. तपासण्या झाल्या. मोठ्या आतड्यात गाठ आहे. तुकडा काढून तपासला. गाठ वाईट आहे.

४. सर्जनबाईंचं म्हणणं असं की आत्ता काढता येईल. दोन-तीन महिने गेले तर काढण्यात अर्थ राहणार नाही.

५. आईचं हृदय कमजोर आहे. (तुला हे माहीत नसणार, बाबा गेल्यानंतर निघालं.) त्यामुळे ती ऑपरेशनच्या टेबलावरून उठेलच असं कुणी सांगत नाही. आईने सर्जनबाईंना विचारलं, "आणि नाही केलं तर?" त्या म्हणाल्या, "तर मला विचारायची गरजच नाही."

६. सोमवार, १७ मार्च ही तारीख मिळाली आहे.

७. संमतीच्या कागदावर आईने सही केलेली नाही. तिच्याऐवजी मी करू शकत नाही. ती शुद्धीवर आहे आणि तिला सगळं समजतं.

८. सही का करत नाहीस, असं विचारल्यावर म्हणाली, "मी देवाकडे एक खूण मागितली आहे. ती मिळाली तर जाईन. नाही मिळाली तर जाणार नाही." कसली खूण, ते सांगत नाही.

९. बाकी ठीक आहे.

आठवा मुद्दा मी चुकीचा ऐकला असेल असं तुला वाटेल. मी दोनदा विचारून खात्री केली. बाबा चर्चच्या त्या व्यासपीठावरून आयुष्यभर एकच गोष्ट सांगत आले आणि ती समोरच्या बाकावर बसून ऐकत आली: ज्याला खूण लागते, त्याला खूण पुरत नाही. मंडळीतल्या कुणाला स्वप्नात प्रकाश दिसला, कुणाच्या तापावर हात ठेवताच ताप उतरला, की बाबा शांतपणे म्हणायचे, "बरं झालं. आता कामाला लागा." आई त्याच मताची होती. ऑर्गन वाजवणाऱ्या मावशी आठवतात ना? त्यांनी एकदा सांगितलं की प्रार्थना चालू असताना गॅसवरचं दूध उकळलं पण उतू गेलं नाही. आई म्हणाली होती, "अहो, तुम्ही गॅस बारीक ठेवला असेल." त्याच आईने आता देवाला अट घातली आहे.

बाबा गेले तेव्हाही तुला कळवलं होतं. तू आला नाहीस. हा आरोप नाही. मागचं पत्र कधीचं, एवढंच सांगायला लिहिलं.

हे पत्र रजिस्टरने पाठवते, म्हणजे पोचलं की नाही ते कळेल. तू जाताना म्हणाला होतास, फोन करू नका, पत्र लिहा, उत्तर द्यायचं की नाही ते मी बघेन. तेव्हा उत्तर मागत नाही. तुला माहीत असावं, एवढ्यासाठीच लिहिलं.

पट्टी

(या नावाने आता मला कुणी हाक मारत नाही. पण दुसऱ्या नावाने तुला लिहिणं विचित्र वाटलं.)


२८ फेब्रुवारी, शुक्रवार

दादा,

हे पत्र मी टाकणार नाही. का, ते खाली येईल.

मंगळवारी नवे पाळक घरी आले होते. बाबांच्या जागी आलेले. वयाने तुझ्याएवढे असतील. मंडळीत बातमी फुटली होती, अर्थात मावशींकडून. आई खिडकीपाशी खुर्ची ओढून बसली होती. हल्ली तिथेच बसते. मी चहा करत होते, त्यामुळे सगळं ऐकू आलं.

ते म्हणाले, "बाई, तुम्हाला मी काय शिकवावं? पण खूण मागणं बरं नाही, हे तुम्हीच आम्हाला शिकवलंत."

"आमच्या ह्यांनी शिकवलं. मी ऐकलं."

"तो शिष्य आठवा. बाकीचे सांगत होते, आम्ही प्रभूला पाहिलं. हा म्हणाला, जखमेत बोट घातल्याशिवाय मानणार नाही. मग प्रभू काय म्हणाले? न पाहता विश्वास ठेवणारे धन्य."

"ते नंतर म्हणाले. आधी काय केलं?"

मी पाळकांसमोर चहाचा कप ठेवला.

"आधी हात पुढे केला ना? घाल बोट म्हणाले ना? हाकलून तर नाही दिलं. मग मलाही एकदा हात दाखवू दे, मग हवं तेवढं रागव म्हणावं."

"पण बाई..."

"आणि तो लोकर अंगणात टाकणारा? एका रात्री म्हणाला लोकर ओली कर, जमीन कोरडी ठेव. झालं. दुसऱ्या रात्री म्हणाला आता उलटं कर. तेही झालं. दोन-दोनदा! त्याला कुणी 'खूण मागणारी दुष्ट पिढी' म्हटलं नाही."

"तो लढाईला निघाला होता हो."

"मग मी काय सहलीला निघाले आहे?"

पाळक हसले. हसू आवरायला त्यांनी कप तोंडाला लावला, चहा गरम होता, जीभ भाजली. आईने त्यांना पाणी दिलं. जाताना दारात मला म्हणाले, "तुमच्या आईंपुढे माझं काही चालत नाही. तुम्ही बोला." मी म्हटलं, बोलते. काय बोलायचं ते त्यांनी सांगितलं नाही.

मी बोलले नाही. बघत राहिले. आमच्या कामात बघणं हाच मोठा भाग असतो.

माझं काम काय ते तुला नीटसं माहीत नसेल. तू गेलास तेव्हा मी शिकत होते. कारखान्यात दाबाच्या टाक्या बनतात आणि त्यांचे वेल्डिंगचे सांधे मी तपासते. सांध्यावर लाल रंग फवारायचा, थांबायचं, पुसून काढायचा, मग वर पांढरी पूड फवारायची. कुठे केसाएवढा तडा असला, तर त्यात शिरलेला लाल रंग हळूहळू पांढऱ्यावर वर येतो. त्याला आम्ही लगेच तडा म्हणत नाही. खूण म्हणतो. खूण दिसली म्हणजे दोष सापडला, असं नसतं. ती कशामुळे आली ते शोधावं लागतं. रंग नीट पुसला नसेल, तरी येते. हातमोज्याला रंग लागलेला असला आणि सांध्याला बोट लागलं, तरी येते. गेल्या आठवड्यात अशी एक आली. छान, रेखीव, लाल. फोरमन म्हणाला, "झालं. आता ही टाकी कापा, पुन्हा जोडा, सगळ्यांनी रविवारी या." मी सांधा धुतला आणि सगळं पहिल्यापासून केलं. काही नव्हतं. माझ्याच बोटाची खूण होती. फोरमन म्हणाला, "बाई, तुमचं भूत तुम्हीच लावता, तुम्हीच उतरवता." सगळे हसले. मीही हसले असेन.

तर, आई. खुर्ची खिडकीपाशी का नेली? ती म्हणते उन्हासाठी. त्या खिडकीत दुपारपर्यंत ऊन येतच नाही. तिथून जिन्याखालची पत्रपेटी दिसते. पोस्टमन साधारण अकराला येतो. सुट्टीच्या दिवशी मी पाहिलं, अकरापर्यंत ती स्वेटर विणते आणि त्यानंतर विणत नाही.

काल मी विचारलं, "दादाच्या पत्राची वाट बघतेस?"

तिने सुया खाली ठेवल्या. "तुला कुणी सांगितलं?"

"कुणी नाही. खुर्चीने."

तिने सुया लोकरीत खुपसल्या. मग म्हणाली, "तो लिहील, तर मी समजेन की देव अजून मेलेलं उठवतो. मग माझं पोट काय, किरकोळ काम."

"आणि नाही लिहिलं तर?"

"तर देवाचं लक्ष दुसरीकडे आहे. मग त्या टेबलावर मी एकटी काय करू?" मग माझा हात धरला. असा ती सहसा धरत नाही. "पण त्याला कळवायचं नाही. एक अक्षर नाही. त्याने आपणहून लिहायला हवं. आपणहून. कळलं?"

मी कळलं म्हटलं.

आता अडचण बघ. वीस तारखेचं पत्र मी आधीच टाकलेलं आहे. तेव्हा मला अट माहीत नव्हती. त्यात मी उत्तर मागितलेलं नाही, पण आईच्या आजाराचं लिहिलं आहे. आता तू लिहिलंस तर ते आपणहून धरायचं का? निदान यापुढे तरी मध्ये बोट घालायचं नाही, एवढं ठरवलं. म्हणून हे पत्र टाकणार नाही.

एक गोष्ट मात्र लिहून ठेवते. तुझं आणि बाबांचं ज्या दिवशी वाजलं, त्या दिवशी मी टेबलाच्या तिसऱ्या बाजूला होते. तू म्हणालास, "मोठी नको, लहान खूण दाखवा. हा ग्लास नुसता हलवून दाखवायला सांगा तुमच्या देवाला, मी इथे गुडघे टेकतो." बाबांनी हात पुढे केला, ग्लास उचलून तुझ्यासमोर ठेवला आणि म्हणाले, "हलला." तू उठलास, बॅग भरलीस. तुला वाटलं त्यांनी तुझी थट्टा केली. मलाही तेव्हा तसंच वाटलं. आई म्हणते थट्टा नव्हती, त्यांना तसंच म्हणायचं होतं, फक्त सांगता आलं नाही. जन्मभर बोलण्याचं काम केलेला माणूस, आणि घरात एक वाक्य पुरं करता आलं नाही. त्यानंतर ते वाट बघत राहिले की तू आधी लिहिशील. तू बहुधा वाट बघत राहिलास की ते लिहितील. दोघंही खूणच मागत होता, असं म्हटलं तर ते तुम्हा दोघांनाही आवडणार नाही.

मी ठीक आहे. कामावर जाते, येते. जेवण होतं. रविवारी उपासनेला जाते, मागच्या बाकावर बसते. माझा विश्वास आहे का, असं विचारशील तर मोजायला काही साधन नाही. जायची सवय आहे, ती मोडलेली नाही.


५ मार्च, बुधवार

दादा,

हेही टाकता येणार नाही. पण आज जे झालं ते आजच लिहायला हवं, नंतर मी ते नीटनेटकं करीन.

दुपारी मी आईच्या औषधासाठी घरी आले. दार उघडंच होतं. आईने इस्त्रीचे कपडे घातले होते. केस नीट बांधले होते. दाराशी हॉस्पिटलची बॅग भरलेली, वर चपला कागदात गुंडाळून ठेवलेल्या. टेबलावर संमतीचा कागद, त्यावर पेन. ऑर्गनवाल्या मावशी सोफ्यावर बसून रडत होत्या, पण आनंदाने. त्यांचा आनंद आणि दुःख यात आवाजाचा फरक नसतो, म्हणून आधी मी घाबरले.

"काय झालं?"

"आलं," आई म्हणाली.

"काय आलं?"

"त्याचं."

तिने मला एक कार्ड दिलं. जाडसर, पिवळट, पोस्टाचं. त्यावर आपला पत्ता होता आणि मागे तुझी सही. सहीतली ती शेवटची रेघ, कागदाच्या बाहेर जाईल अशी.

वीस तारखेच्या पत्राची पोचपावती होती ती.

तुला माहीत असेल, नसेल तर सांगते. रजिस्टर करताना असं कार्ड पाठवणाऱ्यानेच भरायचं असतं. आपलाच पत्ता आपल्याच हाताने लिहायचा. पत्र घेणारा सही करतो आणि पोस्ट ते परत पाठवतं. म्हणजे पत्ता माझ्या अक्षरात होता. मी आईकडे पाहिलं. तिच्या लक्षात कसं आलं नाही?

"अक्षर मला आधी तुझंच वाटलं," आई म्हणाली.

"अहो, भावंडांचं अक्षर सारखं असायचंच," मावशी म्हणाल्या. "गिरवायला एकाच बापाने शिकवलं ना दोघांना!"

हे खरं आहे. 'ण' आपण दोघं अजून बाबांसारखाच काढतो.

"मजकूर लिहिला नाही त्याने," आई म्हणाली. "नुसती सही केली. चालेल. तो लहानपणीही असाच होता. माफी मागायची झाली की दाराच्या फटीतून नुसता हात आत घालायचा." ती हसत होती. जानेवारीपासून तिला मी असं हसताना पाहिलेलं नाही. "चष्मा दे गं. सही करून टाकते."

मी चष्मा दिला.

आता इथे मी काय केलं, ते तुला बरोबर क्रमाने सांगते. मला सगळं दिसत होतं. मी गप्प राहिले तर ती सही करेल. सतरा तारखेला ऑपरेशन होईल. मला तेच हवं होतं, जानेवारीपासून दुसरं काही नको होतं. खोटंही बोलावं लागणार नव्हतं. नुसतं उभं राहायचं होतं. तिने पेनाचं टोपण काढलं.

मी म्हटलं, "आई, ही पोचपावती आहे."

"म्हणजे?"

"मी त्याला पत्र पाठवलं होतं. वीस तारखेला. तुझी अट मला नंतर कळली. पत्ता मी लिहिलाय. त्याने फक्त पत्र मिळाल्याची सही केली आहे."

"पण सही त्याची आहे."

"हो."

"आपणहून केली."

"पोस्टमनने पेन पुढे केलं म्हणून केली."

मावशींचं रडणं थांबलं. आईने कार्ड उलटून पाहिलं, पुन्हा सुलटं केलं. छापलेल्या ओळी आता वाचल्या. मग टोपण पेनाला लावलं. बसलं नाही, दुसऱ्यांदा लावलं.

मावशींनी मला हाताला धरून स्वयंपाकघरात नेलं. "गप्प बसली असतीस तर तुझं काय गेलं असतं?"

"ते खरं नव्हतं."

"खरं नव्हतं काय? तुला पत्र पाठवायची बुद्धी कुणी दिली? त्याला घरी असताना पोस्टमन कुणी गाठून दिला? कार्ड आजच कसं आलं? तुझ्या हातून त्याने घडवलं, असं का नाही म्हणत? सगळं तुझ्या त्या यंत्रातून निघालं तरच खरं का?"

दादा, मावशींना दुधात खुणा दिसतात म्हणून आपण त्यांना हसायचो. पण आज त्या जे बोलल्या ते मूर्खपणाचं नव्हतं. मी म्हटलं, "माझ्याकडे यंत्र नाहीये, मावशी." याचा काही उपयोग नव्हता. त्या म्हणाल्या, "शिकलेल्या मुली. घरात ठेवायच्या आणि भोगायचं." आणि निघून गेल्या. चपला घालताना पुन्हा रडायला लागल्या होत्या. या वेळी कशाने ते मला ओळखता आलं.

का बोलले, ते मी माझ्यापुरतं शोधलं. ती त्या टेबलावर आडवी असेल, वरचा दिवा डोळ्यांत येत असेल, आणि तिला वाटेल आपल्यापाशी तुझं काहीतरी आहे. ते माझं बोट असेल. दुसरं काही नसेल. मला ते बघवलं नसतं. आणि हेही खरं की हे कारण मला नंतर सुचलं. तेव्हा तोंडातून निघून गेलं, बस.

आई बॅगेतल्या वस्तू एकेक करून जागेवर ठेवत होती. टॉवेल कपाटात. साबण न्हाणीघरात. चपलांचा कागद घडी घालून. मी मदत करू का विचारलं. "नको," म्हणाली. औषध मात्र घेतलं.

मी कामावर परत गेले. संध्याकाळपर्यंतचे सांधे तपासले. सगळे चांगले निघाले.


८ मार्च, शनिवार

दादा,

सोबत २८ फेब्रुवारी आणि ५ मार्चची पत्रं आहेत. आधी ती वाच, मग हे. आईच्या सांगण्यावरून पाठवते आहे. तिने ती वाचलेली नाहीत. मी विचारलं, वाचायची आहेत का, तर म्हणाली, "भावाबहिणीतलं मी कशाला वाचू."

दोन दिवस ती माझ्याशी कामापुरतं बोलत होती. मीठ दे. पडदा ओढ. खुर्ची खिडकीतून आत आणून ठेवली. सर्जनबाईंच्या ऑफिसमधून फोन आला की कागद सोमवारी सकाळी मिळाला नाही तर तारीख दुसऱ्या रुग्णाला देऊ. मी म्हटलं, कळवते. आई ऐकत होती.

आज सकाळी मी वाटाणे सोलत होते. ती समोर येऊन बसली, तिनेही सोलायला घेतले.

"पहिल्या पत्रात काय लिहिलं होतंस?"

मी मुद्दे सांगितले. नऊही.

"नववा काय होता?"

"बाकी ठीक आहे."

"हं." एक शेंग सोलून झाली. "उत्तर मागितलं नाहीस?"

"नाही."

"का?"

"तो देणार नाही असं वाटलं."

"मीही म्हणूनच नाही मागितलं."

"तू देवाकडे मागितलंस."

"देवाकडे मागितलं की 'नाही' ऐकावं लागत नाही," आई म्हणाली. "तो गप्प असतो. आपण म्हणायचं, बघू, अजून वेळ आहे. पोराला विचारलं तर तो नाही म्हणू शकतो. तोंडावर. त्याच्या बापाला म्हणाला तसं." तिने सोललेले दाणे माझ्या भांड्यात ओतले. "मी देवाला भलतंच काम सांगितलं गं. हे त्याला सांगायचं नव्हतंच. मुलाला सांगायचं होतं."

मी पुढची शेंग उचलली.

"तू त्या दिवशी गप्प बसली असतीस तर मी सही केली असती," ती म्हणाली.

"माहीत आहे."

"मग जिवंत राहिले असते तर त्याला लिहिलं असतं की तुझ्या सहीने मला उठवलं. आणि त्याने उलट लिहिलं असतं की आई, ती पोस्टाची सही होती. मग मी काय केलं असतं? विश्वास परत केला असता?"

"तू अजून रागावली आहेस का?"

"आहे. राग वेगळा, हे वेगळं. कागद आण."

मी कागद आणला. तिने चष्मा मागितला नाही, लांब धरून वाचला. सगळा वाचला, धोक्यांचीसुद्धा पूर्ण यादी. मग सही केली. शेवटचं अक्षर रेघेखाली गेलं. ती म्हणाली, चालेल ना, मी म्हटलं, चालेल.

"खूण मिळाली का?" हे मी का विचारलं कळत नाही. मला खरंच माहीत करून घ्यायचं होतं.

"नाही."

"मग?"

"मग काय मग? नाही मिळाली."

"विश्वास वाटतो का?"

तिने थोडा विचार केला. ती प्रश्नाचं उत्तर खरं द्यायचा प्रयत्न करते आहे, हे दिसत होतं. "विश्वास वाटत नाही. भीती वाटते. भीतीसकट जाते. तुझे बाबा याला काय म्हणाले असते कुणास ठाऊक." मग म्हणाली, "आता त्याला लिही. मी मागते आहे म्हणून लिही. सरळ."

मी विचारलं, काय लिहू. तिने सांगितलं ते तिच्याच शब्दांत देते:

"आईचं ऑपरेशन आहे. तुझं कसं चाललंय ते तिला कळव. राहतोस कुठे, जेवणाचं काय करतोस, कुणी आहे का सोबत. देवाबद्दल काही लिहू नकोस, मी विचारत नाही. तुझ्या बापाबद्दल लिहायचं असेल तर लिही. शिव्या असल्या तरी चालतील. लांब पत्र नसलं तरी चालेल."

मी विचारलं, ये असं लिहू का. ती म्हणाली, "ते मागू नकोस. आला तर दार उघडंच आहे."

आता माझ्याकडचं. मी आज कामाला गेले नाही. वाटाणे झाल्यावर भांडी घासली आणि मग नळ चालू ठेवून तशीच उभी राहिले, किती वेळ ते सांगता येणार नाही. आई आतून ओरडली, "पाणी!" तेव्हा बंद केला. रडू आलं नाही. येईल असं मला वाटलं होतं. नाही आलं. वीस तारखेच्या पत्रातला नववा मुद्दा बरोबर नव्हता, तो काढून टाक.

तू उत्तर दिलंस तर त्यावरून देव आहे असं ठरणार नाही. नाही दिलंस तर नाही असंही ठरणार नाही. आईने ते ओझं तुझ्यावरून उतरवलं आहे आणि मीही ते पुन्हा ठेवत नाही. सही झालेली आहे. ती सोमवारी, सतरा तारखेला जाणार, तुझं पत्र आलं तरी आणि नाही आलं तरी. ती परत येईल की नाही हे मला माहीत नाही. सर्जनबाईंनाही माहीत नाही. फक्त जाण्याआधी तिला तुझं काहीतरी वाचायला मिळावं, असं तिला वाटतं. मलाही वाटतं.

रविवारी दुपारी तिला दाखल करायचं आहे. त्याआधी पत्र घरी यायला हवं. हे मी स्पीड पोस्टने टाकते आहे, तूही तसंच कर. म्हणून विनंती: शनिवार, १५ मार्चपर्यंत पोचेल असं उत्तर पाठव.